यातनांना मुभा देणारं मत: लोकप्रतिनिधीवर खटला उभा राहतो का?

प्रश्न असा: एखाद्या देशाच्या संसदेनं बहुमतानं कायदा केला, त्यात कैद्यांची चौकशी करताना यातना द्यायला मुभा दिली आणि पुढे त्या कायद्याच्या आधारानं माणसांचे हाल झाले. अशा वेळी बाजूनं मत देणारे सदस्य स्वतः गुन्हेगार ठरतात का? का कायदे करणं हे त्यांचं कामच, म्हणून ते मोकळे?

आधी थोडक्यात उत्तर. लोकप्रतिनिधी आहे म्हणून कोणी सुटत नाही, आणि नुसतं मत दिलं म्हणून कोणी अडकतही नाही. दिलेलं मत, ते देताना असलेली जाणीव आणि कोठडीत प्रत्यक्ष घडलेला प्रकार, हे तिन्ही पुराव्यानं एकमेकांना जोडता आले तरच खटला उभा राहतो. मी फौजदारी वकिली करतो आणि कोठडीतल्या मारहाणीची प्रकरणं चालवतो. या प्रकरणांत आरोपीच्या पिंजऱ्यात बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या हुद्द्याचा माणूस उभा असतो. ज्यांनी त्याला मोकळीक दिली त्यांचं नाव आरोपपत्रात क्वचितच येतं. हे मला अन्यायाचं वाटतं, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

पहिली गोष्ट, 'यातना देणे कायदेशीर आहे' असं वाक्य आजची कोणतीही संसद लिहीत नाही. काम व्याख्येतून होतं. अमेरिकेचा 2006 चा मिलिटरी कमिशन्स ॲक्ट घ्या, म्हणजे दहशतवादाच्या संशयितांवर लष्करी आयोगांपुढे खटले चालवण्यासाठीचा कायदा. प्रतिनिधीगृहात 27 सप्टेंबरला आणि सिनेटमध्ये 28 सप्टेंबरला मतदान झालं. सिनेटमध्ये 65 विरुद्ध 34 मतं पडली. 17 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली. यातना हा गुन्हा या कायद्यानंही कायम ठेवला, हे आधी प्रामाणिकपणे सांगायला हवं. बदल केला तो युद्धगुन्ह्यांच्या 1996 च्या कायद्यात. क्रूर वागणुकीच्या गुन्ह्यासाठी 'गंभीर शारीरिक वेदना' म्हणजे काय, याचे चार प्रकार दिले: मृत्यूचा मोठा धोका, आत्यंतिक वेदना, गंभीर स्वरूपाचं भाजणं किंवा विद्रूप होणं, आणि अवयवाच्या किंवा बुद्धीच्या कार्याची मोठी हानी. त्यातल्या तिसऱ्या प्रकारापुढे एक कंस आहे. कापल्याच्या जखमा, खरचटणं आणि वळ वगळून! कोठडीतल्या माणसाच्या अंगावर डॉक्टरला जे प्रथम दिसतं, तेच कंसात बाहेर काढलेलं.

मानसिक यातनांची व्याख्या तर आणखी बोलकी आहे. जुन्या मोजमापानुसार मानसिक हानी 'दीर्घकाळ टिकणारी' असावी लागे. नव्या कायद्यानं सांगितलं की ती दीर्घकाळ टिकण्याची गरज नाही, क्षणिक नसली म्हणजे झालं. पण हे फक्त कायदा लागू झाल्यानंतरच्या कृत्यांसाठी. आधीच्या कृत्यांना जुनंच मोजमाप. वर, व्याख्यांमधला हा सगळा बदल 26 नोव्हेंबर 1997 पासून लागू झाल्याचं मानायचं, असंही लिहून ठेवलं. म्हणजे योग्य मोजमाप कोणतं हे विधिमंडळाला कळत होतं, तरी जे घडून गेलं होतं त्याला ते लावायचं नाही असं ठरवलं. सरकारी वकील म्हणून मला कोणी या कायद्याचा अभ्यास करायला सांगितला, तर मी सुरुवात याच तरतुदीपासून करीन. कारण हेतू भाषणांपेक्षा अशा कलमांत जास्त स्पष्ट दिसतो.

आता मूळ मुद्दा. कोणतीही संसद यातना खरोखर कायदेशीर करू शकते का? स्वतःच्या देशाच्या कायद्यापुरती कदाचित करू शकेल. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. संयुक्त राष्ट्रांचा यातनाविरोधी करार 10 डिसेंबर 1984 ला स्वीकारला गेला आणि 26 जून 1987 पासून अमलात आला. त्याचा दुसरा अनुच्छेद सांगतो की युद्ध, युद्धाचा धोका, अंतर्गत अस्थिरता किंवा कोणतीही आणीबाणी हे यातनांचं समर्थन होऊ शकत नाही. वरिष्ठांचा हुकूमही नाही. चौथा अनुच्छेद राज्यांना बजावतो की यातना देणं, तसा प्रयत्न करणं आणि त्यात साथ किंवा सहभाग देणं हे सगळं गुन्हा ठरवलंच पाहिजे. पहिल्या अनुच्छेदात 'कायदेशीर शिक्षेतून ओघानं होणाऱ्या वेदना' वगळल्या आहेत आणि बचाव पक्ष या ओळीवर टेकायला बघतो. पण तो अर्थ मान्य केला तर कोणतंही सरकार स्वतःच्या कायद्यात दोन ओळी टाकून सगळा करार निकामी करू शकेल. त्यामुळे हा युक्तिवाद टिकत नाही.

याच्याही पुढे जाणारा निकाल माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणानं 10 डिसेंबर 1998 रोजी फुरुंजिया खटल्यात दिला. एरवी एखादा कायदा आंतरराष्ट्रीय बंधनाविरुद्ध असला, तरी तो कुणाला लावला जाईपर्यंत उल्लंघन झालं असं साधारणपणे धरत नाहीत. यातनांचं तसं नाही, असं न्यायाधिकरण म्हणालं. यातनाबंदीच्या विरोधात जाणारा कायदा नुसता मंजूर करणं किंवा अमलात ठेवणं एवढ्यानंच राज्य जबाबदार ठरतं. आणि असा कायदा किंवा माफीनामा असला तरी यातना देणाऱ्यावर दुसऱ्या देशात, किंवा पुढच्या राजवटीत त्याच्याच देशात, खटला चालू शकतो.

इथे मात्र थांबून बघायला हवं. जबाबदार ठरलं ते राज्य. मत देणारी व्यक्ती नव्हे. या दोन जबाबदाऱ्यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, कायद्याच्या विद्यार्थ्यांकडूनही. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापुढे हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आला होता. पेरूच्या 1993 च्या राज्यघटनेनं फाशीची व्याप्ती वाढवली होती आणि असा कायदा करणाऱ्यांची, अंमल करणाऱ्यांची जबाबदारी काय, असं विचारलं गेलं. 9 डिसेंबर 1994 च्या सल्लागार मतात न्यायालयानं म्हटलं की अमेरिकी खंडातल्या मानवाधिकार कराराचा उघड भंग करणारा कायदा केल्यास राज्य जबाबदार, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी हाच आंतरराष्ट्रीय गुन्हा असेल तर अंमल करणारे अधिकारी व्यक्तिशः जबाबदार. कायदा करणाऱ्यांच्या वैयक्तिक फौजदारी जबाबदारीपर्यंत न्यायालय गेलं नाही. माझ्या मते हे अर्धवट उत्तर आहे. हुकूम पाळणारा दोषी आणि हुकूम कायद्याच्या पुस्तकात लिहिणारा अलिप्त, ही विभागणी फौजदारी कायद्याच्या तर्कात बसत नाही. पण आज त्या मतात लिहिलंय ते हे.

मग कायदा करणाऱ्याला व्यक्तिशः शिक्षा झाल्याचं उदाहरण आहे का? आहे. विल्हेल्म फ्रिक हा हिटलरचा गृहमंत्री. न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणानं त्याच्याविरुद्ध नोंदवलेल्या निष्कर्षांत ज्यूंना जर्मन जीवनातून आणि अर्थव्यवस्थेतून हद्दपार करणारे अनेक कायदे त्यानं तयार केले, त्यांवर सह्या केल्या आणि ते राबवले, हा ठळक निष्कर्ष आहे. 16 ऑक्टोबर 1946 रोजी त्याला फाशी झाली. पुढच्या वर्षी न्यायखात्यातल्या मंडळींवरच्या खटल्यात फ्रान्झ श्लेगेलबर्गरला जन्मठेप झाली. काही काळ कायदामंत्र्याचा कारभार पाहताना पोलिश आणि ज्यू लोकांविरुद्धचा 1941 चा दंडकायदा त्याच्या खात्यातून निघाला होता. त्या खटल्याचं सूत्रच हे होतं की कायद्याच्या नावाखाली, कायद्याच्या यंत्रणेतून केलेलं क्रौर्य हाही गुन्हाच.

या दोघांचं उदाहरण देऊन 'बघा, मत देणाराही फासावर जाऊ शकतो' असं म्हणणं मात्र घाईचं होईल. दोघेही मसुदा तयार करणारे, सही करणारे आणि राबवणारे होते. नुसतं मत देणाऱ्यांचं काय झालं? 23 मार्च 1933 रोजी राइशस्टागनं, म्हणजे जर्मन संसदेनं, 444 विरुद्ध 94 मतांनी हिटलरला अमर्याद अधिकार देणारा कायदा संमत केला. त्या 444 जणांत थिओडोर हॉइस होते. 1949 मध्ये तेच पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या मतासाठी ते कधी आरोपी झाले नाहीत. त्या कायद्यात यातनांचा शब्द नव्हता, पुढे काय होणार याची किती जाणीव कुणाला होती याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि फौजदारी कायदा सरसकट गठ्ठ्यानं माणसं दोषी ठरवत नाही. हे तत्त्व मला मान्य आहे, कारण माझ्या पक्षकारांना वाचवतं तेही हेच तत्त्व.

मंत्री आणि साधा सदस्य यांच्या मधलं एक उदाहरण पूर्व जर्मनीचं आहे. सीमा ओलांडणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या जवानांवर खटले झालेच, पण ते धोरण ठरवणाऱ्या मंडळातले लोकही सुटले नाहीत. एगॉन क्रेंझ सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, पॉलिटब्युरोत, होता, केसलर आणि श्ट्रेलेट्झ राष्ट्रीय संरक्षण परिषदेत. कुणीही स्वतः बंदूक चालवली नव्हती. निर्णय सामूहिक होते. तिघांनीही सांगितलं की आमच्या देशाच्या कायद्यात हे बसत होतं. 22 मार्च 2001 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानं त्यांच्या शिक्षा योग्य ठरवल्या. ज्यांनी स्वतःच ती राजवट उभी केली आणि टिकवली, त्यांना तिच्या कायद्याचा आसरा घेता येणार नाही, हा त्यामागचा आशय. सामूहिक मंडळात बसून निर्णय घेतला म्हणजे जबाबदारी विरघळते, हा समज या निकालानं मोडीत काढला.

आज खटला भरायचा झाला तर मुख्य हत्यार म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची रोम संविधी, म्हणजे ते न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं तो करार. ती 1998 ची, 1 जुलै 2002 पासून लागू. तिच्या 27 व्या अनुच्छेदात राष्ट्रप्रमुख आणि सरकारचे सदस्य यांच्या बरोबरीनं 'संसदेचा सदस्य' आणि 'निवडून आलेला प्रतिनिधी' हे शब्द स्पष्ट घातलेले आहेत. पद हे फौजदारी जबाबदारीतून सुटकेचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खासदार होते.

कवच गेलं तरी गुन्हा सिद्ध करावा लागतोच, आणि खरी अडचण तिथे आहे. 25 व्या अनुच्छेदात सहभागाचे प्रकार आहेत. हुकूम देणं किंवा प्रवृत्त करणं हे कायद्याला नीट लागत नाही, कारण मुभा म्हणजे हुकूम नव्हे. मदत करणं लागू पडेल, पण रोम संविधीत मदत गुन्हा सुकर करण्याच्या उद्देशानं केलेली असावी लागते. नुसती जाणीव पुरत नाही. इतर न्यायाधिकरणांनी जाणिवेवर भागवलं आहे. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयानं 2012 मध्ये मदत आणि प्रोत्साहनासाठी दोषी ठरवून 50 वर्षांची शिक्षा दिली आणि 2013 मध्ये अपिलात जाणिवेचाच निकष कायम राहिला. रोम संविधीखाली मी आरोपपत्र लिहीन तर 25(3)(ड) खाली लिहीन. समान उद्देशानं वागणाऱ्या गटाच्या गुन्ह्यात, गटाचा इरादा माहीत असताना, जाणूनबुजून हातभार लावणं असं ते कलम आहे. काँगोमधल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या जर्मेन कटांगा याला 2014 मध्ये याच कलमाखाली 12 वर्षांची शिक्षा झाली. इथे स्वतःचा उद्देश सिद्ध करावा लागत नाही, गटाचा इरादा ठाऊक होता एवढं पुरतं. लोकप्रतिनिधीच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे. 'मला देशाची सुरक्षा हवी होती, यातना नकोत' हा बचाव मदतीच्या आरोपाविरुद्ध चालून जाऊ शकतो, या कलमाविरुद्ध चालणं कठीण.

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: नागरिकांवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला आणि त्यामागे राज्याचं धोरण. एरवी धोरण सिद्ध करताना सरकारी पक्ष मेटाकुटीला येतो. इथे धोरण राजपत्रात छापलेलंच असतं.

म्हणून सगळं येऊन ठेपतं ते 'कुणाला काय माहीत होतं' यावर. अमेरिकेचंच उदाहरण पुढे नेतो. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयएनं अबू झुबैदा या दहशतवादाच्या संशयितावर ऑगस्ट 2002 मध्ये 83 वेळा आणि खालिद शेख मोहम्मद या दुसऱ्यावर मार्च 2003 मध्ये 183 वेळा वॉटरबोर्डिंग केलं, म्हणजे तोंडावर फडकं टाकून पाणी ओतत बुडाल्यासारखं गुदमरवलं. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार समितीच्या नेत्यांना सप्टेंबर 2002 मध्ये, म्हणजे पद्धती वापरून झाल्यावर, माहिती दिली गेली. बाकीच्या सदस्यांना ती मिळाली 6 सप्टेंबर 2006 ला, ज्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी गुप्त तुरुंगांची जाहीर कबुली दिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी मतदान झालं. वॉटरबोर्डिंगसारख्या पद्धतींची नावं घेऊन त्या निषिद्ध मानायची एक दुरुस्ती त्याच दिवशी सिनेटमध्ये मांडली गेली आणि फेटाळली गेली. माझ्या दृष्टीनं अंतिम मतापेक्षा दुरुस्तीवरचं मत जास्त वजनाचा पुरावा आहे. अंतिम विधेयकात शंभर गोष्टी असतात, कुणी कशासाठीही 'हो' म्हणतो. दुरुस्तीत प्रश्न एकच असतो. तरीसुद्धा तेवढ्यावर कोणी दोषी ठरत नाही. त्या मतानंतर, त्या मतामुळे, कुठल्या माणसावर काय झालं हे दाखवावं लागेल.

'माझं एक मत नसतं तरी विधेयक मंजूर झालंच असतं' हा बचाव हमखास येतो. तो ऐकायला बिनतोड वाटतो. पण सिनेटमधल्या त्या 65 पैकी प्रत्येकानं तो घेतला तर कायदा कुणीच केला नाही असं होईल. जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयानं 6 जुलै 1990 च्या निकालात, चामड्याच्या वस्तूंवर मारायच्या स्प्रेमुळे ग्राहक आजारी पडले त्या प्रकरणात, कंपनीच्या संचालकांचा हाच बचाव फेटाळला. माल परत न मागवण्याचा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला, तेव्हा प्रत्येकाचा हातभार त्यात मोजला जातो. पक्षानं व्हिप काढला होता हेही कामाचं नाही. वरिष्ठाचा लष्करी हुकूम जिथे बचाव ठरत नाही, तिथे पक्षादेश कुठून ठरणार?

मागच्या तारखेपासून दिलेल्या संरक्षणाचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि त्यात बरेच जण चुकतात. आधीच घडून गेलेल्या यातनांना आज माफी देणारं मत हे त्या यातनांना 'मदत' होत नाही. गुन्हा पुरा झाल्यावर त्यात सामील होता येत नाही. 'काही झालं तर आम्ही कायदा करून तुम्हाला वाचवू' असं आश्वासन आधीच दिलेलं असेल तरच गोष्ट बदलते. अर्जेंटिनानं 1986 आणि 1987 मध्ये लष्कराला वाचवणारे दोन कायदे केले, 2003 मध्ये काँग्रेसनं ते रद्द ठरवले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. अधिकारी पुन्हा न्यायालयात उभे राहिले. कायद्याला मत देणारे नाहीत, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

देशांतर्गत न्यायालयात काय होईल? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. ब्रिटनचं 1689 चं बिल ऑफ राइट्स, अमेरिकी राज्यघटनेतलं भाषण-चर्चेचं संरक्षण, भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद 105(2), या सगळ्यांत सभागृहातल्या मतासाठी न्यायालयात खेचता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये सीता सोरेन प्रकरणात या संरक्षणातून लाच वगळली, पण लाच घेणं हा मतापासून वेगळा गुन्हा असल्यामुळे. निव्वळ मताला हात लागलेला नाही. लागूही नये असं मला वाटतं, कारण ते दार उघडलं तर पहिल्यांदा आत ओढले जातील ते विरोधी बाकांवरचे सदस्य.

राहतात परदेशी न्यायालयं आणि हेग. स्पेनमध्ये 2009 साली अमेरिकी प्रशासनातल्या सहा कायदेतज्ज्ञांविरुद्ध यातनांना कायदेशीर मुलामा दिल्याची तक्रार झाली. ती पुढे बंद झाली. त्या सहांत लोकप्रतिनिधी एकही नव्हता. हेगच्या न्यायालयाच्या अपील पीठानं 5 मार्च 2020 ला अफगाणिस्तानातल्या तपासाला परवानगी दिली आणि त्यात अमेरिकी यंत्रणांवरचे आरोपही होते, पण 2021 मध्ये अभियोक्त्यांनी तो भाग प्राधान्यक्रमात मागे ढकलला. अमेरिका रोम संविधीत नाही. अफगाणिस्तान आहे, म्हणूनच तिथल्या भूमीवरच्या कृत्यांना अधिकारक्षेत्र मिळतं. नुसत्या मतासाठी यातनांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या निकालांत सापडत नाही.

त्यामुळे कुणी अशा प्रकरणावर खरंच काम करत असेल तर माझा सल्ला असा. सगळ्या 'हो' म्हणणाऱ्यांची यादी घेऊन बसू नका. विधेयकाचा मसुदा कुणाच्या हातचा, समितीत कुणाला गुप्त माहिती मिळाली होती, कोणती दुरुस्ती कुणी पाडली, मंजुरीनंतर तक्रारी आल्यावर कुणी निधी चालू ठेवला, हे शोधा. त्यातून चार-पाच नावं उरतील. मग त्यांच्या मताच्या तारखेनंतर कोठडीत गेलेल्या एका माणसाचे वैद्यकीय कागद मिळवा. रोम संविधीच्या 29 व्या अनुच्छेदाप्रमाणे या गुन्ह्यांना मुदतीची अट नाही, पण कागद गहाळ होतात आणि साक्षीदार म्हातारे होतात, म्हणून ते आजच जमवायला घ्या.